मासा आधी, नोंद मागाहून

खारघरमधल्या ज्या इमारती आज लांबून चकचकीत दिसतात, त्यांतल्या काहींच्या पायथ्याशी मी राहिलेली आहे. तेव्हा त्यांना भिंती नव्हत्या. वडील बिगारी होते आणि माय त्यांच्याच बरोबरीनं विटा-वाळू वाहायची. जालन्याकडचं गाव सोडून दोघं इथे आले ते मुकादमाच्या मागे. इमारत उभी राहीपर्यंत तिच्याशेजारी पत्र्याची खोली मिळायची. इमारतीला रंग लागला की आमची खोली उपटायची आणि पुढच्या खड्ड्याच्या कडेला रोवायची. बांधकामावर मारायला पाणी दिवसभर वाहत असायचं, पण ते खारट. प्यायच्या पाण्याचा टँकर आधी साइटच्या ऑफिसची टाकी भरायचा, उरलं तर आम्हाला. मायची बोटं सिमेंटनं खाल्लेली असायची. भाकरी थापताना ती मधेच थांबून बोटांवर फुंकर घालायची आणि पुन्हा थापायला लागायची.

खोली हलली की शाळा हलायची. एका हलवाहलवीत माझं दप्तर टेम्पोबरोबर गेलं ते गेलंच. पुस्तकं शाळेनं पुन्हा दिली, वह्या कोण देणार? वर्षभराचं लिहिलेलं मी एका मैत्रिणीच्या वह्यांवरून पुन्हा उतरवून काढलं. वडील बघत बसले होते. म्हणाले, "लिही, लिही. न्हाई लिव्हलंस तर हायेच आपली पाटी आन् घमेलं."

मी शिकले. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पनवेलच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेतली. आमच्या घरात, आणि मायच्या माहेरीही, पदवी घेणारी मी पहिली. निकाल लागला तेव्हा वडील वर स्लॅबवर होते. मी खालून ओरडले. त्यांनी वरून विचारलं, "पास का?" मी म्हटलं, "पास!" तर म्हणाले, "मग आता खाली उभी राहू नको, वरून माल पडतो."

नोकरी लागली सानपाड्याला. मासळी विकत घेऊन, बर्फात घालून मोठ्या गिऱ्हाइकांना पाठवणारी ती कंपनी. मुख्य ऑफिस सानपाड्यात आणि कोकण किनाऱ्यावर बंदराबंदराला छोट्या शाखा. शाखा म्हणजे काय, एक खोली, बाजूला बर्फाचं गोदाम, एक कॉम्प्युटर आणि एक माणूस. कुठल्या होडीची मासळी कुठल्या खोक्यात गेली, किती थंड ठेवली, कुठल्या गाडीतून निघाली, या सगळ्या नोंदी त्या एका कॉम्प्युटरमध्ये. नोंद दाखवता आली नाही तर मोठं गिऱ्हाईक माल परत पाठवतं. म्हणजे त्या शाखेच्या सगळ्या होड्यांची मासळी नाकारली जाते.

मला घेतलं होतं ते उमेदवारीवर. काम एकच, प्रत्येक शाखेच्या नोंदींची रोजची प्रत, म्हणजे बॅकअप, इंटरनेटवरून सानपाड्याच्या सर्व्हरवर आणायची. सगळ्या शाखा लागल्या तर कायम, नाहीतर नमस्कार. साहेबांनी हे पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं. मी नाही हसले. आमच्या घरात तोवर कुणीच कुठे कायम नव्हतं.

माझ्या विभागाच्या प्रमुख होत्या ताई. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणायचे. त्या इथल्याच, जवळच्या करावे गावच्या, त्यांचे वडील खाडीत जाळं टाकणारे. ऑफिसात सगळे इंग्रजी-हिंदी मिसळून गोड बोलायचे. ताई मात्र मीटिंगमध्येही गावच्याच भाषेत बोलायच्या आणि समोरचा गप्प ऐकायचा. मी तेव्हा तोंडात 'न्हाई' येऊ नये म्हणून जीभ चावत बोलायची. एकदा त्यांनी ते ओळखलं. म्हणाल्या, "काय गो, एवढा जपून काय बोलतेस? सर्व्हरला काय, कुठली पन भाषा चालते."

बाकीच्या शाखा एकेक करत लागल्या. अडली ती एकच. दापोलीच्याही पुढे खाडीकाठी होती ती. तिथली लाइन इतकी हळू की साधा फोटो पाठवला तरी तो वरून खाली पट्ट्या-पट्ट्यांनी उघडायचा. दिवसा कॉपी सुरू केली तर बिल करायला लाइन उरायची नाही, म्हणून मी ती ऑफिस बंद व्हायच्या वेळेला सुरू होईल अशी लावली होती. रात्रभर चालू दे, सकाळपर्यंत होईल, असा हिशेब. ती सुरू व्हायची आणि थोड्याच वेळात तुटायची. आमचं सॉफ्टवेअर जुनं, तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. रोज तेच. डोंगर चढायला घ्यायचा आणि रोज पायथ्याशी जागं व्हायचं.

त्यात तिथला कॉम्प्युटर म्हातारा. फोनवरसुद्धा त्याच्या डिस्कची करकर ऐकू यायची. ती कधीही बंद पडली असती आणि तिच्याबरोबर कित्येक वर्षांच्या नोंदी गेल्या असत्या, कारण दुसरी प्रत कुठेच नव्हती.

त्या शाखेचे सर्वेसर्वा म्हणजे काका. निवृत्तीला आलेले, आवाजात जरब. मी रोज फोन करायची.

"काका, काल जाताना कॉम्प्युटर बंद केला होता का?"

"नाही हो मॅडम. मी त्याला हातच लावत नाही. निघतो तेव्हा त्याचा दिवा लागलेला असतो. बघून निघतो."

"नक्की?"

"आता काय देवाची शपथ घेऊ? सकाळीच?"

माणूस खोटं बोलत नव्हता, ते आवाजातच कळायचं. मग मी इंटरनेटवाल्यांशी भांडायला लागले. त्यांचा माणूस खाडीपर्यंत जाऊन, तार तपासून, "सगळं ठीक आहे" म्हणून परत आला. मी पुन्हा भांडले, तो पुन्हा गेला. तार ठीकच होती.

ऑफिसात माझी थट्टा सुरू झाली. हिशेब विभागात एक दादा होते, त्यांची खुर्ची माझ्या पाठीमागेच. रोज सकाळी विचारायचे, "काय, गोगलगाय निघाली का दापोलीहून?" एकदा कोकणातली गाडी खाली होत होती, खोकी उतरत होती, तेव्हा ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, आपल्याकडे मासा आधी पोहोचतो आणि त्याची नोंद मागाहून येते. येते का नाही, ते मॅडमना विचारा."

सगळे हसले. ताई नाही हसल्या. गाडीकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "लाव फोन काकांना, स्पीकरवर. आज मी बोलते."

त्या फोनमधून मी जे शिकले ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ताईंनी कॉम्प्युटरचं नावच काढलं नाही. आधी बांगडा येतोय का विचारलं. मग म्हणाल्या, "काका, ऑफिस बंद करून घरी निघताना तुमी काय काय करता? पहिल्यापासून सांगा ना. मला बघायचा हाय, आमच्यासारखाच करता काय."

काका खुश. सांगायला लागले. पाण्याची कळशी पालथी घालतो. खिडक्या लावतो. देवाच्या फोटोला अगरबत्ती लावतो, ती पूर्ण जळेपर्यंत बसतो, विस्तव मागे ठेवून जात नाही. मग मेन स्विच खाली पाडतो, त्याला हात लावून नमस्कार करतो, कुलूप घालतो, कुलूप ओढून बघतो.

"मेन पाडता?"

"पाडतोच. आजवर एक दिवस चुकलो नाही. बर्फाच्या खोलीची लाइन वेगळी आहे, तिला काही होत नाही."

"आनि मग कॉम्प्युटरचा दिवा?"

"तो लागलेला असतो हो! त्याच्या खाली तो डबा आहे ना बॅटरीचा, तो थोडा वेळ चिवचिव करतो. ती त्याची सवय आहे."

ताईंनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी कपाळाला हात लावला. काका निघायचे तेव्हा कॉम्प्युटर खरोखरच चालू असायचा. त्यांनी कुलूप ओढून बघेपर्यंत चालू असायचा. काका घरी पोहोचून हातपाय धुवेपर्यंत बॅटरी दम टाकायची. मी महिनाभर विचारत होते, "बंद केला का?" आणि ते महिनाभर खरं उत्तर देत होते.

ही गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. त्यांनी दोन शब्दांत निकाल दिला, "मेमो द्या." उद्यापासून मेन स्विच चालू ठेवायचा, नाहीतर कारवाई. मला मनातून बरं वाटलं, सुटले असं वाटलं. ताई मात्र साहेबांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

"साहेब, मी काकांना विचारला. त्याच्या शेजारचा गोदाम एकदा तारेला तार लागून जळलेला हाय. सगला गाव पानी घेऊन धावलेला. त्या दिवसापासून तो मेन पाडतो. तुमच्या मेमोनं तो उद्या स्विच ठेवील चालू, पन रात्रभर झोपनार नाय. आनि कुठल्या तरी रात्री उठून जाऊन पाडीलच. मग आपली कॉपी तुटनारच."

"मग काय करायचं म्हणता?"

"त्याचा नियम चांगला हाय. आपला चुकीचा हाय. आपन कॉपी दिवसा घेऊ."

"दिवसा लाइन पुरते का?"

"सगला एकदम आनायचा म्हटला तर नाय पुरत. सगला एकदम आनतो कोन? दादा बोलले ना, मासा आधी येतो. मग पहिली कॉपी माशाबरोबरच आनू. गाडीतून. त्याच्यानंतर रोजचा जेवढा नवीन, तेवढाच लाइनीवरून."

साहेब माझ्याकडे वळले. "जमेल?"

मी म्हटलं, "जमेल." जमेल की नाही ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पण ताई तिथे बसल्या असताना दुसरं काही म्हणवेना.

मी एसटीनं गेले. निघताना ताईंनी दोन रिकाम्या डिस्क हातात दिल्या. "दोन कॉप्या कर. एक गाडीतून पाठव, एक तुज्या पिशवीत. आनि काकांना काय शिकवू नको. बघ फक्त."

शाखा फोनवरून वाटायची तशीच होती, फक्त जास्त स्वच्छ. फरशी पुसलेली, कळशीवर पांढरं फडकं. काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्हीच त्या रोज सकाळी झापणाऱ्या? मला वाटलं, कोणी मोठी बाई असेल." मग घरच्या दिशेनं बघून हाक मारली, "अगो, पाहुणी आली गो, एक मूठ तांदूळ जास्त घाल."

मी डिस्क लावली आणि आधी मागच्या वर्षांच्या बंद फाइली घ्यायला सुरुवात केली. कॉम्प्युटर करकरत होता आणि आकडा हळूहळू पुढे सरकत होता. मी त्याच्याकडे डोळे लावून बसले होते, कारण ही कॉपी होता होताच आतली जुनी डिस्क मेली तर सगळंच संपलं असतं, काकांचं आणि माझंही. दुपार झाली. काकांनी नोंदींचा प्रोग्राम बंद केला, खुर्ची आत सरकवली आणि म्हणाले, "चला जेवायला."

"मी इथेच थांबते. कॉपी चाललीय."

"चालू दे की. जेवायच्या सुट्टीत मी मेन पाडत नाही. पंखा लागतो ना आल्यावर, खोली तापते. प्रोग्राम तेवढा बंद करतो. समोर माणूस नसताना वही उघडी टाकत नाहीत."

मी जागेवरच उभी राहिले. दिवसा कॉपी घेण्यात माझी मोठी अडचण हीच होती. प्रोग्राम उघडा असला की नोंदींची फाइल अर्धवट असते, तिची कॉपी घेऊन उपयोग नसतो. काका जेवायला घरी जायचे, जेवून थोडे आडवे व्हायचे, मग यायचे. तेवढा वेळ वीज चालू, लाइन मोकळी, प्रोग्राम बंद. आणि हे सगळं त्यांनी स्वतःच्या शिस्तीनं आधीच करून ठेवलेलं. मला फक्त त्या वेळेला घड्याळ लावायचं होतं. चालू नोंदींची फाइलही मी तिथल्या तिथे कॉपीला लावली आणि जेवायला गेले.

काकूंनी सुरमईचं कालवण वाढलं. काका म्हणाले, "मुंबईवाल्यांना काटे काढता येतात का?" मी म्हटलं, "मी जालन्याची. आमच्याकडे मासाच नाही, काटे कुठले?" तेव्हा काकूंनी स्वतः काटे काढून दिले. काकांनी वडिलांबद्दल विचारलं. मी सरळ सांगितलं, बिगारी आहेत, अजून स्लॅब भरतात. काका जेवता जेवता थांबले. "आणि तू कॉम्प्युटरची पदवीधर. मग बाय, तू फोनवर झापलंस तरी चालेल." त्या दिवसापासून मी मॅडमची बाय झाले.

दोन्ही कॉप्या झाल्या. एक गाडीवाल्या मामांनी केबिनमध्ये, जेवणाच्या डब्याशेजारी ठेवली. दुसरी मी पोटाशी धरून आणली. गाडीतली आधी पोहोचली. ताईंनी ती स्वतः सर्व्हरला लावली होती. मी आले तर म्हणाल्या, "तुजी पन दे. दोनी बरोबर हायेत का बघू." दोन्ही बरोबर होत्या.

पुढचं काम माझं. त्या मोठ्या फाइलचे लहान तुकडे पाडायचे, कालच्याशी ताडून बघायचे, बदललेलेच तुकडे पाठवायचे, आणि मधेच लाइन तुटली तर जिथे तुटली तिथून पुढे. मी तो प्रोग्राम लिहिला, मोडला, पुन्हा लिहिला. ताई मागे उभ्या राहून वाचायच्या. चूक दिसली तरी सांगायच्या नाहीत, त्या ओळीवर फक्त बोट ठेवायच्या आणि चहाला निघून जायच्या. परत येईपर्यंत ती मला सापडलेली असायची. अशी शिकवणारी माणसं मी फार बघितलेली नाहीत.

पहिल्या दुपारी आम्ही दोघी पडद्यासमोर बसलो. तुकडे यायला लागले. मधे लाइन गेली.  लाइन आली आणि कॉपी पुढच्या तुकड्यापासून सुरू झाली. काका जेवून परत यायच्या आत ती संपली. पाठीमागून हिशेबाचे दादा म्हणाले, "गोगलगाय आली?" ताई म्हणाल्या, "आली. आनि तुमच्या आधी जेवली पन."

मला वाटलं, झालं. पण साहेब म्हणाले, कॉपी येते हे बघितलं, ती उघडते हे कोणी बघितलंय? बरोबरच होतं त्यांचं. उमेदवारी संपायला थोडेच दिवस राहिले होते आणि मी ती परत उघडून बघायची तयारी करत होते, तेवढ्यात काकांचा फोन आला. आवाजात जरब नव्हती.

"बाय, तो चालू होत नाही गो. नुसता टकटक करतो. होड्या आल्यात. मोठ्या गिऱ्हाइकाची गाडी संध्याकाळी निघायचीय आणि मागच्या मालाच्या नोंदी मागतायत. माझं सगळं त्यात आहे."

मी ताईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "माज्याकडं काय बघतेस? कॉपी तुजी हाय."

मी कपाटातला नवा कॉम्प्युटर घेतला आणि सर्व्हरवरची प्रत त्याच्यावर उतरवली.  प्रोग्राम उघडला. होड्यांची नावं आली, खोकी आली, जुन्यातली जुनी नोंद आली. मी फोनवर काकांना म्हटलं, कुठलीही एक विचारा. त्यांनी गणपतीच्या आधीची एक गाडी विचारली. मी वाचून दाखवली. मग आणखी एक. मग म्हणाले, "काल दुपारनंतरच्या?"

"त्या नाहीत, काका. दुपारपर्यंतच्या सगळ्या आहेत."

"दुपारनंतरच्या माझ्या चिठ्ठ्या आहेत गो, त्या मी घालतो. एवढ्याच गेल्या?"

"एवढ्याच."

पलीकडे त्यांनी फोन टेबलावर ठेवला. मग लांबून त्यांचा आवाज आला, बाहेरच्या कुणाला तरी ओरडून सांगत होते, "आहे रे, सगळं आहे! गाडी भरा!"

गिऱ्हाइकानं मागितलेल्या नोंदी मी सानपाड्याहूनच पाठवल्या. गाडी संध्याकाळी निघाली. नवा कॉम्प्युटर परतीच्या रिकाम्या गाडीतून काकांकडे गेला. साहेबांनी स्वतः येऊन पडदा बघितला, ताईंना म्हणाले, "छान." ताई म्हणाल्या, "मला काय सांगता? तिला सांगा."

त्यांनी सांगितलं.

माल परत आला नाही. त्या शाखेच्या जुन्या नोंदींतली एकही हरवली नाही. काका अजूनही रोज संध्याकाळी मेन स्विच पाडून घरी जातात आणि त्यांच्या शाखेची प्रत रोज दुपारी सानपाड्याला पूर्ण पोहोचते. कंपनीच्या सगळ्या शाखांचा बॅकअप आता मी सांभाळते. मला कायम केल्याचं पत्र मिळालं.